अर्धं ठेवायचं चित्र

सिनेमात माझं काम लक्षात ठेवण्याचं आहे. बाकीचे अभिनय करतात, दिवे लावतात, ओरडतात. मी लक्षात ठेवते. चित्रीकरण कधी सरळ क्रमानं होत नाही. आधी मरण, मग लग्न, मग बालपण, असा सगळा उफराटा कारभार. म्हणून कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघत बसावं लागतं की मागच्या शॉटमध्ये कोटाचं दुसरं बटण उघडं होतं, कपातला चहा निम्म्यावर आला होता आणि मेणबत्ती बोटभर उरली होती. याला कंटिन्युइटी म्हणतात आणि मला युनिटमध्ये चित्रगुप्त म्हणतात. मला ते आवडतं. चुकीबद्दल मी कुणाला माफ करत नाही आणि स्वतःला तर मुळीच नाही.

त्या वेळी आमचा सिनेमा शंभर वर्षांपूर्वीच्या एका म्हाताऱ्या चित्रकाराचा होता. त्याच्याकडे एक तरुण मुलगी चित्रासाठी बसायला येते. तिच्यामुळे त्याचा वाळून गेलेला हात पुन्हा चालू लागतो. चित्र अर्ध्यावर असताना ती निघून जाते आणि उरलेलं चित्र तो केवळ आठवणीनं पूर्ण करतो. एवढीच गोष्ट. प्रेम म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही, आणि शेवटी सगळ्यांनी रडायचं.

म्हातारा चित्रकार झालेल्या नटाला आम्ही महाराज म्हणायचो. माणूस मोठा, आवाज मोठा, पण हातात ब्रश धरला की वाटायचं, आता हा दात घासणार. त्यामुळे जवळून दिसणारे हात दुसऱ्या कुणाचे तरी लागणार होते, आणि चित्रंही कुणीतरी काढावी लागणार होती. ते कुणीतरी म्हणजे माझे बाबा.

बाबांचं नाव मीच सुचवलं. आयुष्यभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली आणि सुट्टीत कचेऱ्यांसाठी दिवंगत अध्यक्षांची पोर्ट्रेट काढली. आई गेल्यापासून ते खिडकीशी बसायचे. रंगांच्या ट्यूबा कपाटात दगड झाल्या होत्या. दिग्दर्शक बाईंनी त्यांनी काढलेला नमुन्याचा चेहरा बघितला आणि त्या गप्प राहिल्या. हे फार मोठं होतं, कारण शॉट कितीही चांगला झाला तरी या बाईंच्या तोंडून पहिला शब्द 'पुन्हा' असाच निघायचा. पाठीमागे सगळे त्यांना पुन्हाबाईच म्हणत.

सिनेमात दिसणारं चित्र एकच, पण बाबांनी ते सहा वेळा काढलं. क्रम उलटसुलट असल्यामुळे चित्राची प्रत्येक पायरी वेगळ्या कॅनव्हासवर तयार लागते. पहिल्यावर नुसत्या कोळशाच्या रेघा. दुसऱ्यावर पातळ तपकिरी रंगात उजेड आणि सावली. तिसऱ्यावर चेहरा उमटू लागलेला. चौथ्यावर चेहरा पूर्ण, पण खांद्याखाली सगळं तपकिरीच. शाल नाही, हात नाहीत. पाचव्यावर तेही आलेले, आणि सहावं पूर्ण झालेलं. सगळे कॅनव्हास मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे असत आणि पाठीवर मी जाड पेननं लिहिलेल्या चिठ्ठ्या. चौथ्याच्या चिठ्ठीवर आकड्याखाली मी मुद्दाम लिहिलं होतं: 'अर्धंच ठेवायचं'. मुलगी निघून जाते तो प्रसंग त्याच कॅनव्हासवर होता.

रोज सकाळी मेकअपवाला बाबांच्या उजव्या हातावर अंगठ्याच्या खाली एक तीळ काढायचा, कारण महाराजांच्या हातावर तो आहे. मनगटावरचा घड्याळाचा फिकट पट्टा पावडरीनं झाकायचा. मग मी तीळ जागेवर आहे ना ते फोटोशी ताडून बघायची. एकदा घरी जाताना गाडीत बाबांनी हात डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "ठमे, हा तीळ मला कधीपासून आहे गं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसले. मग मीही हसले.

माझ्या काळजीचं मूळ हे होतं. बाबा जन्माचे विनोदी. महिनाभर रोज जाऊनही त्यांनी एकदा मला मोरी कुठे आहे ते विचारलं, आणि मी दचकलेली बघून म्हणाले, "परीक्षा घेत होतो तुझी." एकदा धुतलेले ब्रश पुन्हा धुवायला घेतले आणि म्हणाले, "पुन्हाबाईंची संगत." त्यांची थट्टा कुठे संपते आणि दुसरं काही कुठे सुरू होतं ते कळायला मार्ग नव्हता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं माझं मन रात्रंदिवस चिंतत होतं. भाऊ परगावी असतो. तो फोनवर म्हणाला, "ताई, डॉक्टरला दाखव." मी म्हटलं, सिनेमा संपू दे. मला भीती होती की डॉक्टरनं एकदा नाव दिलं की ते नाव युनिटमध्ये पोचेल, हातांसाठी दुसरा माणूस येईल आणि बाबा परत खिडकीशी जाऊन बसतील. त्यांना तिथून उठवायला मला काय काय करावं लागलं होतं ते माझं मला माहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी मूठ झाकून बसले होते.

शिवाय त्यांची ती माशीची गोष्ट. एका दिवंगत अध्यक्षांचं पोर्ट्रेट ओलं असताना हनुवटीवर माशी चिकटून मेली. बाबांच्या लक्षातच आलं नाही. अनावरणाला अध्यक्षांची बायको चित्रापुढे उभी राहिली आणि ढसाढसा रडली. म्हणाली, "फोटोत यांचा तीळ कधी येत नसे. तुम्ही तो कसा ओळखलात?" गोष्ट चांगली आहे. पण बाबा ती मला रोज सांगू लागले होते आणि मी रोज म्हणायची, "बाबा, सांगितलीय तुम्ही ही." मग ते गप्प व्हायचे. सवयच ती माझी. चूक दिसली की बोट ठेवायचं.

तर, मुलगी निघून जाते त्या प्रसंगाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे सेटवर जमलो. उंच खिडकीची चित्रकाराची खोली, मातीच्या भांड्यांत ब्रश, जमिनीवर मुद्दाम सांडलेले रंगांचे डाग. महाराज कोट चढवून उभे. आदल्या दुपारी बाकीचं युनिट घोडागाडीच्या शॉटसाठी बाहेर गेलं होतं. बाबा आणि नायिका तेवढी मागे राहिली होती, कारण पाचव्या चित्रातले हात बाबांना तिला समोर बसवून थोडे सुधारायचे होते. जाताना मी बजावलं होतं, "बाबा, पाचवं. फक्त हात." ते म्हणाले होते, "हो गं बाई."

सेटवरच्या दोघा पोरांनी चौथा कॅनव्हास उचलून आणला, चित्राच्या लाकडी घोडीवर ठेवला आणि वळवला.

चित्र पूर्ण होतं.

चेहऱ्याखाली जिथे नुसता तपकिरी धुरळा असायला हवा होता तिथे शाल होती, शालीच्या घड्या होत्या, मांडीवर हात होते. रंग ओला चकाकत होता. मी कॅनव्हासमागे जाऊन चिठ्ठी बघितली. चौथाच होता. 'अर्धंच ठेवायचं' माझ्याच अक्षरात माझ्याकडे बघत होतं.

"हे काय आहे?" पुन्हाबाईंनी विचारलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

बाबा खिडकीजवळच्या स्टुलावर चहा पीत बसले होते. त्यांनी मान वर केली. त्यांना काही कळलंय असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं, आणि ते कुणाच्या लक्षात यायच्या आत मी बोलून गेले.

"माझी चूक. काल निघायच्या गडबडीत चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, त्या मी आज सकाळी परत जागेवर लावल्या. बाबांना वाटलं हे पाचवं."

"तू?" पुन्हाबाई म्हणाल्या. "तू चुकलीस?"

"हो."

"आपला चित्रगुप्त चुकला," महाराज मागून म्हणाले, "म्हणजे आता मेलेली माणसं परत यायला हरकत नाही." दोघंतिघं हसले. एरवी मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी खाली मान घालून उभी राहिले.

"उद्यापासून तुझ्यामागून दुसरं कुणीतरी तपासेल," पुन्हाबाई म्हणाल्या. "ही खोली आजच्या दिवसच आपली आहे. उद्या सेट मोडायला घेतील. दुपारपर्यंत मला अर्धं चित्र हवंय. कसं ते तुम्ही बापलेक बघा."

कॅनव्हास मागच्या खोलीत नेला आणि दार लावून मी आधी फोन काढला. सहाव्या, म्हणजे पूर्ण झालेल्या चित्राचा शॉट आम्ही पहिल्याच आठवड्यात घेतला होता. त्याचा फोटो उघडून मी समोरच्या चित्राशी ताडून बघायला लागले. बाबांनी नुसती जागा चुकवली असेल, पाचवं समजून चौथ्यावर हात चालवला असेल, तर दोन्ही चित्रं सारखी निघतील. सारखी निघू देत, एवढंच मी मनात म्हणत होते.

फोटोत शाल पिवळसर होती. समोरच्या चित्रात हिरवी. फोटोत दोन्ही हात मांडीवर मोकळे पडलेले. समोर एका हातानं शालीचं टोक मुठीत धरलेलं. फोटोत मागे कोरी भिंत, समोर तिच्या खांद्यामागे खिडकीचा उजेड. चुकून पुढे गेलेलं हे काम नव्हतं. हे चित्र आपण आधीच पूर्ण केलंय हे ज्याला आठवतच नाही, त्या माणसानं पहिल्यांदा पूर्ण केलेलं चित्र होतं. दोन फोटोंमधला फरक शोधणं हा माझा धंदा. तो मला त्या दिवशी नको होता.

आणि खरं सांगायचं तर हे चित्र आधीच्यापेक्षा चांगलं होतं.

दार वाजलं. नायिका आत आली. बाविशीची पोर, शंभर वर्षांपूर्वीच्या पोशाखात, पायात मात्र रबरी चपला. बाबांसमोर तासन्‌तास बसलेली तीच.

"ताई, तुम्ही चिठ्ठ्या बदलल्या नव्हत्या," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"मी काल इथेच होते ना. काकांनी चौथं काढलं तेव्हा मी म्हटलं, काका, हे अर्धं ठेवायचंय. ते म्हणाले, पोरी, तुला अशी अर्धी टाकून कसा जाऊ? मला वाटलं, गंमत करताहेत. मग कळलं की गंमत नाही."

"मग थांबवलं का नाहीस?" माझा आवाज चढला.

ती जरा वेळ बोटातल्या नकली अंगठीशी चाळा करत राहिली. "त्यांचा हात इतका छान चालला होता. मध्ये बोलले असते तर त्यांना कळलं असतं की आपण विसरलो. तेव्हा त्यांचा चेहरा कसा होतो ते मी एकदा बघितलंय. परत बघवलं नसतं."

मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"माशीच्या गोष्टीपासून. ते रोज सांगतात."

"आणि तू?"

"मी रोज हसते. पहिल्यांदा ऐकल्यासारखं. नटी आहे मी ताई, माझं तेच तर काम आहे."

मला तिचा राग आला, तिच्यापेक्षा जास्त स्वतःचा आला. माझ्या बापाच्या दुखण्याचा पत्ता मला सांगायला ही कालची पोर लागली. पण रागावत बसायला वेळ नव्हता. मी बाबांना बोलावून आणलं.

"बाबा, हे पुसायचंय."

त्यांनी चित्राकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "झालेलं चित्र? का?"

"आजच्या शॉटला अर्धं हवंय."

त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि लगेच मिटली. "हो, हो. माहीत आहे," ते म्हणाले. तेवढ्या एका आठीत मला सगळं दिसलं. माहीत नव्हतं. माहीत असल्याचं दाखवायला मात्र ते शिकले होते. किती दिवस शिकत होते कुणास ठाऊक, आणि मी बटणं मोजत होते.

तेलरंगाचं एक बरं असतं. कालचा थर आज ओला असतो, आणि खालचा महिन्यापूर्वीचा थर वाळलेला. टर्पेंटाइनमध्ये बुडवलेल्या फडक्यानं वरचं पुसलं की खालचं जसंच्या तसं निघतं. फक्त कुठे थांबायचं ते ठाऊक हवं. मानेपाशी फडकं घसरलं तर तिथला नाजूक थर जाणार, आणि तो परत करायला दिवस नव्हते. बाबांनी फडकं पिळलं. मी फोनवर जुन्या चौथ्या चित्राचा फोटो उघडून त्यांच्या खांद्याशी उभी राहिले.

त्यांनी आधी खिडकीचा उजेड पुसला. मग शाल. हिरवा रंग फडक्यावर आला आणि खालून तपकिरी उगवला. हातांपाशी ते थबकले.

"हे हात बरे जमलेत गं," ते म्हणाले. "कुणी काढलेत?"

मी नायिकेकडे बघितलं. तीही माझ्याकडेच बघत होती. ती गंमत होती की नव्हती, या वेळी मी अंदाज करत बसले नाही.

"पुसा बाबा," मी म्हटलं. "हळू."

त्यांनी पुसले. शालीचं टोक धरलेली मूठ दोन वेळा फडकं फिरताच गेली. मला रडू येत होतं आणि रडून चालणार नव्हतं. फडकं वर सरकायला लागलं तशी मी सांगत गेले: "अजून थोडं. डावीकडे. गळ्याच्या खाली. आता बास. बाबा, बास." ते थांबले. मी फोटो आणि कॅनव्हास ताडून बघितला. तंतोतंत जुळत होतं.

दुपारी शॉट लागला. मुलगी दारातून निघून जाते. चित्रकार वळत नाही, काम करत राहतो. ब्रश शालीची पहिली रेघ ओढायला जातो आणि मध्येच थांबतो. महाराजांनी चेहरा दिला. दाराकडे पाठ करून उभे राहून त्यांनी असा काही श्वास घेतला की माझ्याही अंगावर काटा आला. मग त्यांना बाजूला केलं आणि त्यांचाच कोट घालून बाबा घोडीपुढे उभे राहिले. तीळ जागेवर होता. कॅमेरा त्यांच्या हाताच्या अगदी जवळ आला.

"ब्रश खांद्यापासून खाली आणायचा, शालीची कड ओढायची आणि निम्म्यावर थांबायचं," पुन्हाबाईंनी सांगितलं. "मग कट म्हणेपर्यंत हात हलवायचा नाही."

पहिल्या वेळी बाबा थांबलेच नाहीत. कड ओढून मोकळे झाले आणि घड्या भरायला लागले. मी फडक्यानं रेघ पुसली. पुन्हा. दुसऱ्या वेळी ते सुरुवातीलाच थांबले आणि वळून म्हणाले, "काय करायचं होतं?" कॅमेरामन माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, त्यांना दिव्याचा त्रास होतोय. पुन्हा. तिसऱ्या वेळी कड वाकडी गेली. पुन्हाबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्या बाबांकडे निरखून बघायला लागल्या. ही जागा कोणती, एवढं जरी त्यांनी बाबांना विचारलं असतं, तरी माझी मूठ उघडली असती.

मग मी कॅमेऱ्याखाली, चौकटीत येणार नाही अशी, जमिनीवर उकिडवी बसले. आवाज नंतर घालायचा होता, त्यामुळे कुजबुजलं तर चालणार होतं. कॅमेरा सुरू झाला. मी म्हटलं, "खांद्यापासून, बाबा. खाली. सावकाश." ब्रश सरळ, देखणा खाली आला. मी "आता थांबा" म्हणणार तेवढ्यात तो आपणहोऊन थांबला.

हात हवेतच राहिला. ब्रशचं टोक किंचित हललं, पुढे गेलं, मागे आलं. काहीतरी शोधल्यासारखा तो हात कॅनव्हासपुढे घुटमळत होता आणि काही केल्या खाली येत नव्हता. मी खालून बाबांचा चेहरा बघत होते. तो कॅमेऱ्यात नव्हता, फक्त मला दिसत होता. ते चित्राकडे बघत होते आणि ही मुलगी कोण, हा ब्रश कुणाचा, आपण इथे कशाला उभे आहोत, यातलं काहीही त्यांना माहीत नव्हतं. नायिका म्हणाली होती तोच हा चेहरा असणार.

"कट," पुन्हाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या. सगळे 'पुन्हा' ऐकायची वाट बघत होते. त्या बाबांजवळ गेल्या आणि त्यांचा ब्रशवाला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला.

"असा थांबलेला हात मी उभ्या आयुष्यात बघितला नाही," त्या म्हणाल्या. "हे शिकवून येत नाही. झालं. पुन्हा नाही."

सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. महाराजांनीसुद्धा वाजवल्या आणि ते त्यांच्या जिवावर आलं होतं हे दिसत होतं. बाबांनी मान लववून नमस्कार केला. कशासाठी ते त्यांना समजलं नव्हतं, पण टाळ्या म्हटल्यावर नमस्कार हे आयुष्यभराच्या बक्षीस समारंभांनी अंगवळणी पाडलं होतं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. जमिनीवर बसून राहिले.

संध्याकाळी मागच्या खोलीत आम्ही दोघं आवराआवर करत होतो. मी कॅनव्हास कापडात गुंडाळत होते. बाबा चौथ्या चित्रापुढे उभे राहिले होते. त्यांच्या शर्टाच्या बाहीला हिरवा रंग लागला होता, नखांच्या खाचांतही थोडा उरला होता.

"ठमे," ते म्हणाले, "हे अर्धं कुणी ठेवलंय? खाली आणखी कायतरी होतं इथे. पुसलंय कुणीतरी."

सवयीनं माझ्या तोंडावर आलंच होतं, की काही नाही बाबा, चला, गाडी आलीय. दिवसभर मी तेच करत होते. पण मला त्यांचा हवेतला हात आठवला. सगळ्या जगाशी खोटं बोलणं एक वेळ जमेल, पण मी त्यांच्याशीही खोटं बोलले तर त्या माणसानं कुणाला विचारायचं?

"तुम्ही," मी म्हटलं. "काल तुम्ही पूर्ण केलंत, आणि आज सकाळी तुम्हीच पुसलंत. मी सांगितलं म्हणून."

त्यांनी आपल्या नखांकडे बघितलं. मग बाहीकडे. मग कॅनव्हासच्या जवळ जाऊन पुसल्याची कड नीट निरखली. मला वाटलं, आता कोसळतील.

"पुसलंय मात्र सफाईनं," ते म्हणाले.

मी हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. ते स्टुलावर बसले. मला रडू दिलं.

"मला कळतं, ठमे," मग ते म्हणाले. "सगळं नाही, पण काहीतरी जातंय एवढं कळतं. तुला सांगितलं नाही. तू लगेच बोट ठेवतेस."

"चुकलं माझं."

"तसं नाही. तुझं कामच ते." ते थोडा विचार करत थांबले, आणि ते थांबले की आता मला धडकी भरत होती. पण शब्द सापडला. "तू त्या महाराजांना शॉटच्या आधी सांगतेस ना, की मागच्या वेळी हात इथे होता, कोट असा होता, इथवर आलो होतो? तसं मला सांगत जा. थट्टा केली तरी सांग. मी कुठवर आलो होतो तेवढं सांग, म्हणजे पुढचं मी बघतो."

"आणि डॉक्टरकडे जायचं," मी म्हटलं. "सिनेमा संपायची वाट बघायची नाही. आणि पुन्हाबाईंनाही उद्या मीच सांगणार."

"त्या काय म्हणतील?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. उद्या हातांसाठी दुसरा माणूस आला असता तर मी काय करणार होते, तेही माहीत नव्हतं. भीती सकाळएवढीच होती, फक्त आता आम्ही दोघं मिळून घाबरलो होतो.

मी टर्पेंटाइनचं फडकं घेतलं आणि त्यांची नखं पुसायला लागले. हिरवा रंग निघाला. अंगठ्याखालचा तीळ पुसायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे. माझा आहे तो."

"नाही बाबा. मेकअपवाल्यानं काढलाय. रोज सकाळी काढतो. तुमच्या हातावर तीळ नाही."

त्यांनी हात उजेडात धरून बघितला आणि निमूटपणे पुढे केला. मी तीळ पुसला. नंतर गाडीत बसलो. मागच्या सीटवर ते जरा वेळ बाहेरची दुकानं बघत राहिले. मग एकदम माझ्याकडे वळले, डोळे लुकलुकत.

"तिळावरून आठवलं. तुला ती गंमत कधी सांगितलीच नाही मी. आमच्या एका अध्यक्षांचं पोर्ट्रेट होतं..."

मी नटी नाही. चेहरा कसा ठेवायचा ते मला समजत नव्हतं. मी त्यांच्याकडे पुरती वळून बसले.

"नाही सांगितलीत," मी म्हटलं. "काय झालं?"